‘रय्यान’ – वैद्यकीय संशोधन पाखडण्याचे दोह्यातले सूप



‘संशोधनाने सिद्ध झाले आहे की...’ अशी सुरुवात असलेला एखादा निरोप आपल्या फोनवर आठवड्यातून एकदा तरी येतोच. कधी हळदीबद्दल, कधी ‘ड’ जीवनसत्त्वाबद्दल, कधी गुडघ्यात घ्यायच्या इंजेक्शनबद्दल. आपल्यासारख्या परदेशात राहणाऱ्यांची गोष्ट तर आणखी अवघड. आई-बाबांची औषधे तिकडे चालू, मुलांचे दवाखाने इकडे, आणि दोन्हीकडचे सल्ले फोनवर येऊन थडकणार. अशा वेळी विचारायला हवे, की कोणते संशोधन? किती लोकांवर केलेले? आणि त्याच विषयावरची बाकीची संशोधने काय सांगतात?

यातल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची एक शिस्तबद्ध पद्धत वैद्यकशास्त्रात आहे. तिला ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ म्हणतात, म्हणजे मराठीत पद्धतशीर आढावा. हे काम अनेकांनी मिळून करण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक संगणकप्रणाली आपल्या दोह्यात जन्माला आली, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल. तिचे नाव ‘रय्यान’. मी डॉक्टर नाही, संगणकावर पोट भरणारा इंजिनिअर आहे. त्यामुळे औषधांबद्दल सल्ला न देता, ही प्रणाली काय करते आणि तिचा आपल्याशी काय संबंध, एवढेच सोप्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न.

एक संशोधन का पुरत नाही?

एक खरे उदाहरण घेऊ. दिवस भरण्याआधी जन्मणाऱ्या बाळाची फुप्फुसे कच्ची असतात. प्रसूतीपूर्वी आईला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले तर बाळाला फायदा होतो का, याची चाचणी न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी या दोघांनी केली आणि १९७२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात २८२ माता होत्या. निकाल आशादायक होता. पुढच्या वर्षांत इतरही चाचण्या झाल्या, पण बऱ्याचशा लहान. एकेक सुटी पाहिली तर खात्री पटत नव्हती. सगळ्या एकत्र मांडून हिशेब केल्यावरच फायदा स्पष्ट दिसला. या दरम्यान कितीतरी मातांना हे साधे, स्वस्त इंजेक्शन मिळालेच नाही. १९९३ मध्ये असे आढावे करण्यासाठी ‘कॉक्रेन’ ही आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली, तेव्हा तिने आपल्या बोधचिन्हात याच चाचण्यांचा आलेख घेतला.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०१५ मध्ये सहा देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. भारतातील तिची केंद्रे होती नागपूर आणि बेळगाव! गावपातळीपासून या इंजेक्शनचा वापर वाढवला तर काय होते, हे तिथे पाहिले गेले. कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू कमी झाले नाहीत, उलट एकूण नवजात मृत्यू थोडे वाढलेले दिसले. मग २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची चाचणी आली. ती भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांत झाली, २,८५२ माता सहभागी होत्या, आणि तिथे मात्र बाळांचे मृत्यू कमी झाले. या चाचणीत सोनोग्राफीने गर्भाचे आठवडे नीट मोजलेले होते आणि बाळाची काळजी घेण्याची सोय होती.

आता विचार करा, यातला एकच निकाल कोणी आपल्याला पाठवला असता तर? ‘वरदान’ म्हणणाराही संशोधनाचाच हवाला देणार आणि ‘घातक’ म्हणणाराही! म्हणून आढाव्यात आधी प्रश्न नेमका ठरवतात : कोणावर, कोणता उपचार, कशाच्या तुलनेत, आणि कोणता परिणाम मोजायचा. मग त्या प्रश्नावरची सगळी संशोधने शोधतात. मनासारखी तेवढी वेचून चालत नाही.

ढीग केवढा असतो?

‘सगळी शोधायची’ म्हणणे सोपे आहे. पबमेडसारख्या सूचींमध्ये शोध घेतला की हजारो नोंदी समोर येतात. बहुतेक नोंदींचा विषयाशी दूरचाच संबंध असतो. २०१७ मध्ये १९५ आढाव्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार सापडलेल्या नोंदींपैकी सरासरी जेमतेम ३ टक्के शेवटपर्यंत टिकतात. एका आढाव्याला सरासरी पाच लेखक आणि नोंदणीपासून प्रसिद्धीपर्यंत सुमारे ६७ आठवडे लागतात. म्हणजे सव्वा वर्षाहून जास्त!

ही निवड कशी चालते? आपल्या घरी तांदूळ निवडतात तशीच. एकाने निवडले तर खडा राहतोच. वाईट म्हणजे खड्याबरोबर चांगला दाणाही फेकला जातो. म्हणून इथे एकच ढीग दोन माणसे स्वतंत्रपणे निवडतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हे मोजून पाहिले आहे. शीर्षक आणि सारांश वाचून एकट्याने निवड केली तेव्हा कामाची १३ टक्के संशोधने सुटली, दोघांनी केली तेव्हा फक्त ३ टक्के. एखाद्या औषधाबद्दलचा निर्णय मोजक्या चाचण्यांवर उभा असतो, तेव्हा त्यातली एक सुटणेही महागात पडते.

पूर्वी हे काम एक्सेलच्या तक्त्यांवर किंवा छापील कागदांवर चाले. फाइल ई-मेलने इकडून तिकडे जायची, कोणाची प्रत ताजी यावर वाद व्हायचे. आयटीतल्या मंडळींना हे दुखणे वेगळे समजवायला नको!

दोह्यातली प्रणाली

कतार कम्प्युटिंग रिसर्च इन्स्टिट्यूट ही संस्था कतार फाउंडेशनने २०१० मध्ये सुरू केली. आज ती हमद बिन खलिफा विद्यापीठाचा भाग आहे. मेट्रोच्या ग्रीन लाइनने नॅशनल लायब्ररीला मुलांना घेऊन जाताना आपण याच परिसरात उतरतो. इथल्या मुराद उज्जानी, होसाम हमादी आणि अहमद अल्मगार्मिद या संगणकतज्ज्ञांनी बहारीनमधील कॉक्रेनचे अनुभवी आढावाकार झ्बिस फेडोरोविच यांच्यासोबत ‘रय्यान’ तयार केले. अल रय्यान हे नाव तर आपल्या रोजच्या येण्याजाण्यातले, एज्युकेशन सिटी त्याच नगरपालिकेत येते. २०१४ च्या सप्टेंबरमध्ये कॉक्रेनचे वार्षिक संमेलन हैदराबादला भरले होते, तिथे या प्रणालीची माहिती मांडली गेली. डिसेंबर २०१६ मध्ये तिच्यावरचा सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तोपर्यंत ६० हून अधिक देशांतील २,००० हून अधिक लोक ती वापरत होते. पुढे रय्यान संशोधन संस्थेतून बाहेर पडून स्वतंत्र कंपनी झाली. प्राथमिक सोयी विनामूल्य आणि जास्तीच्या सोयींसाठी वर्गणी, असे तिचे स्वरूप आहे.

काम साधारण असे चालते :

१. वेगवेगळ्या सूचींमधून मिळालेल्या नोंदींच्या फाइल प्रणालीत चढवायच्या. एकच लेख तीन ठिकाणी सापडलेला असतो. अशा जुळ्या नोंदी प्रणाली दाखवते, त्या पाहून काढून टाकायच्या.

२. सहकाऱ्यांना निमंत्रण पाठवायचे. ते कुठल्याही देशात असोत, ढीग सगळ्यांना एकच दिसतो.

३. प्रत्येक नोंदीचे शीर्षक आणि सारांश वाचून ‘घ्या’, ‘वगळा’ किंवा ‘नक्की नाही’ यापैकी एकावर टिचकी मारायची. वगळले तर कारणाची चिठ्ठी लावायची : लहान मुलांवरचे नाही, तुलनेचा गट नाही, प्राण्यांवरचे आहे, इत्यादी. ठरवून दिलेले शब्द मजकुरात रंगवून दाखवले जातात, त्यामुळे नजर चटकन तिथे जाते.

४. हे चालू असताना ‘ब्लाइंड’ ठेवायचे, म्हणजे दुसऱ्याने काय ठरवले ते दिसत नाही.

५. दोघांचे संपले की पडदा उघडायचा. जिथे मते वेगळी, त्या नोंदी प्रणाली वेगळ्या काढून देते. त्यावर चर्चा करायची. तरी जमले नाही तर तिसऱ्याचे मत घ्यायचे.

माझ्या मते चौथी आणि पाचवी पायरी हाच सगळ्या प्रकाराचा गाभा आहे. एरवी सहयोगाची प्रणाली म्हटली की सगळ्यांनी सगळे पाहावे अशी आपली कल्पना असते. इथे मात्र सहकाऱ्याचे मत मुद्दाम झाकून ठेवतात. मोठे सर ‘वगळा’ म्हणाले हे दिसले, तर कनिष्ठाचा हात ‘घ्या’कडे जाईल का? आपल्याकडे तर मुळीच नाही! पडद्यामुळे विद्यार्थ्याचे मत आणि प्राध्यापकाचे मत एका वजनाचे होते, आणि मतभेद लपत नाही, नोंदला जातो.

ताऱ्यांची गंमत

रय्यानमध्ये अंदाज वर्तवण्याचीही सोय आहे. आपण काही नोंदी निवडल्या आणि काही वगळल्या, की प्रणाली दोन्ही ढिगांतले शब्द, शब्दांच्या जोड्या आणि वैद्यकीय विषयशब्द तपासते. ‘सपोर्ट व्हेक्टर मशीन’ नावाचे तंत्र या दोन ढिगांमध्ये जणू एक कुंपण आखते. उरलेली प्रत्येक नोंद कुंपणाच्या कोणत्या बाजूला आणि किती आत पडते, त्यावरून तिला तारे मिळतात. जास्त तारेवाल्या आधी वाचल्या की कामाचा माल लवकर हाती लागतो.

पण तारे म्हणजे निर्णय नव्हे. मूळ शोधनिबंधातच पाहा. एका जुन्या आढाव्याच्या १,०३० नोंदी प्रणालीला दिल्या, त्यात कामाच्या चाचण्या फक्त ११ होत्या. पाचाहून जास्त चाचण्या निवडून झाल्यावर सूचना दिसू लागल्या, आणि अकराच्या अकरा सापडायला अनेक फेऱ्या लागल्या. त्याच निबंधात वापरकर्त्यांनी सरासरी ४० टक्के वेळ वाचल्याचे म्हटले आहे. आकडा छान आहे, पण तो पाहणीत लोकांनी सांगितलेला आहे, घड्याळ लावून मोजलेला नाही. आपल्या गावच्या प्रणालीचा अभिमान असला तरी वाचायची सवय अशीच हवी!

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. शोधच अपुरा असेल तर प्रणाली काही करू शकत नाही. भारतातील कित्येक संशोधने, विशेषतः आयुर्वेदावरची, मोठ्या सूचींमध्ये नसलेल्या नियतकालिकांत येतात. ती मुद्दाम शोधावी लागतात. आणि निवडलेली चाचणी नीट केलेली होती की नाही, आकडे विश्वासार्ह आहेत की नाही, हे तपासायला जाणती माणसेच लागतात.

आपल्या मंडळींसाठी

हा विषय इथे मांडण्याचे खरे कारण आता सांगतो. आखातात आपल्याकडे एक चित्र घरोघरी दिसते. नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी म्हणून जोडीदार इथे येतो, आणि स्वतःची बीडीएस, बीएएमएस, फिजिओथेरपी किंवा फार्मसीची पदवी कपाटात राहते. परवान्याच्या परीक्षा, कागदपत्रे, मुले लहान – कारणे खरी असतात, पण वर्षे निघून जातात. माझी पत्नी फिजिओथेरपिस्ट आहे. परवान्याची वाट पाहत असताना तिने पुण्यातल्या आणि मस्कतमधल्या दोन मैत्रिणींसोबत गुडघेदुखीच्या व्यायामांवरचा आढावा हाती घेतला. मुलगा शाळेत गेला की ती शंभर नोंदी पाहते, पुण्याची मैत्रीण रात्री दवाखाना बंद झाल्यावर. अडीच तासांचा फरक आणि शुक्रवार-रविवारच्या सुट्ट्यांचा घोळ यात आडवा येत नाही, कारण तिघींनी एका वेळी बसायची गरजच नसते. पगार मिळत नाही हे खरे. पण विषयाशी नाते टिकते, आणि काम प्रसिद्ध झाले की त्यावर स्वतःचे नाव असते.

ज्यांना असे काही करावेसे वाटते त्यांनी आधी एखादा अनुभवी मार्गदर्शक शोधावा. आपल्या जुन्या महाविद्यालयातील प्राध्यापक ही उत्तम जागा. प्रश्न आणि निकष आधी लिहून ठेवावेत आणि ‘प्रॉस्पेरो’ या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत आढावा नोंदवावा, म्हणजे मागाहून निकष बदलण्याचा मोह होत नाही. कतार नॅशनल लायब्ररीचे सदस्यत्व इथल्या रहिवाशांना विनामूल्य मिळते, तिथली ऑनलाइन साधने घरून वापरता येतात.

आणि ज्यांचा वैद्यकीय क्षेत्राशी संबंध नाही त्यांनी? पुढच्या वेळी ‘संशोधनाने सिद्ध झाले’ असा निरोप आला, की पुढे पाठवण्यापूर्वी त्या विषयावर पद्धतशीर आढावा झाला आहे का, एवढे पाहावे. कॉक्रेनच्या आढाव्यांचे सोप्या भाषेतले सारांश विनामूल्य वाचता येतात. त्यात ‘पुरावा अपुरा आहे’ असे वाक्य वारंवार भेटेल. ते वाचून निराश होऊ नका. हजारो नोंदी निवडून, भांडून, पुन्हा तपासून कोणी ‘आम्हाला अजून माहीत नाही’ म्हणते, तेव्हा ते एखाद्या ठाम निरोपापेक्षा जास्त भरवशाचे असते. आई-बाबांचे चालू औषध मात्र असले काही वाचून परस्पर बंद करू नका. तो सारांश घेऊन त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

मंडळात डॉक्टर, दंतवैद्य, परिचारिका, फार्मासिस्ट आणि आयटीवाले यांची कमतरता नाही. पाच-सहा जण तयार झाले तर एखाद्या शनिवारी एकत्र बसून प्रणाली कशी वापरतात ते दाखवायला मी आनंदाने येईन. लॅपटॉप आपापले आणावेत, चहाची सोय आमच्याकडे!