अर्धवट आठवणारी धून शोधायची कशी?

कधीतरी ऐकलेली एक स्कॉटिश धून डोक्यात घोळतेय. नाव माहीत नाही, शब्द नाहीत, मधले दोन-चार सूर डळमळीत. आता शोधायचं कसं? प्रश्न संगीतातला आहे, पण संशोधनाची तयारी करणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी, जेवढं आठवतंय तेवढं गुणगुणून मोबाईलवर रेकॉर्ड करा. मिळत्याजुळत्या पाच-सहा धुना ऐकल्या की मूळ आठवण त्यांच्यात मिसळते. आपला एकमेव पुरावा आपणच बिघडवतो!

दुसरं, नावामागे धावू नका. या लोकसंगीतात एकाच धुनेला अनेक नावं असतात. स्कॉटलंडची ‘लॉर्ड मॅक्डोनाल्ड्स रील’ अमेरिकेत ‘लेदर ब्रिचेस’ झाली.

मग धरायचं काय? डेनिस पार्सन्स यांच्या १९७५ च्या सूचीत युक्ती सोपी आहे: प्रत्येक सूर आधीच्यापेक्षा वर, खाली की तोच, एवढंच लिहायचं. पण ‘ऑल्ड लँग साइन’ घ्या. उठावाचा पहिला सूर सोडला, तर काही जण सा-सा-सा-ग असं गातात, काही सा-नि-सा-ग. फरक एकाच सुराचा, पण वर-खालीची साखळी तुटली.

चार्ल्स गोर यांची १९९४ ची स्कॉटिश फिडल संगीताची सूची म्हणूनच ठोक्यावरचे सूर पकडते. आपल्या भाषेत सांगायचं तर सा म्हणजे १, रे म्हणजे २. वरच्या उदाहरणातला ‘नि’ जोराच्या ठोक्यावर येतच नाही. जोराचे ठोके पाहिले तर दोन्ही प्रकारांत आधी सा-सा, मग रे-रे, म्हणजे ११२२. सजावट बदलली, सांगाडा टिकला. आयर्लंडमध्ये ब्रँडॉन ब्रानाख यांनीही हजारो धुनांची कार्डं जोरकस सुरांवरूनच लावली होती.

सूचीत धून सापडली की काम संपलं? नाही. सुरुवात सारखी असलेल्या धुना बऱ्याच असतात. रील किंवा जिगचे बहुधा दोन भाग असतात. दुसराही जुळवून बघा. तो जुळेपर्यंत तुमच्या हातात उत्तर नाही, फक्त गृहीतक आहे. आणि नाहीच जुळला, तर कदाचित आठवणीने दोन धुना एकत्र शिवल्या असतील.

तुमच्या विषयातही हेच विचारा: माझ्या सामग्रीत सहज बदलतं काय, आणि टिकतं काय? शोध टिकणाऱ्या गोष्टीवर बांधा.