शिट्टी कुठून येते?

बटण दाबलं की गाडी किंचाळायची.

गाडी म्हणजे माझा जुना पिकअप ट्रक. आयोवात राहायला आल्यावर घेतलेला, पुढच्या मडगार्डला गंज धरलेला. डॅशबोर्डखाली गराज सेलमधून आणलेला चाळीस चॅनेलचा सीबी रेडिओ लटकवला होता. त्याचा आवाज पुरत नाही म्हणून एक लोखंडी डब्यातला बाहेरचा स्पीकर सीटच्या मागे ठोकला. पहिल्याच दिवशी हायवेला लागून चॅनेल १९ लावला, माइक उचलला, बटण दाबलं आणि ‘ब्रेकर वन-नाइन’ म्हणायला तोंड उघडतो तोच मागून अशी टिपेची शिट्टी आली की माइक हातातून सुटला. बटण सुटलं, शिट्टी बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा शिट्टी. व्हॉल्यूमचं बटण पार शून्यावर आणलं, तरी ती तसूभर कमी होईना. हे शेवटचं लक्षात असू द्या, खऱ्या चोराचा माग तिथेच होता.

ही शिट्टी मराठी माणसाला नवी नाही. गणपतीच्या मांडवात ‘हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग’ म्हणत कुणीतरी माइक घेऊन कर्ण्यासमोर जातो आणि सगळी आळी कानांवर हात ठेवते, तीच ही. सोरेन लार्सन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने तिचा अभ्यास केला, म्हणून तिला लार्सन परिणाम असंही म्हणतात. माइकने आवाज घेतला, अ‍ॅम्प्लिफायरने वाढवला, स्पीकरने सोडला, तो पुन्हा माइकने घेतला. एका फेरीत आवाज जरा जरी वाढत असेल तरी पुरे. समजा, एकाचा १.१ होतोय. पंचवीस फेऱ्यांत तो जवळजवळ अकरापट होतो. माइक आणि स्पीकर एक मीटर अंतरावर असले तर एका फेरीला साधारण तीन मिलिसेकंद लागतात, म्हणजे पंचवीस फेऱ्या पापणी लवायच्या आत. आणि सगळे सूर काही वाढत नाहीत. फेरी पूर्ण करून जो नेमका स्वतःच्याच पावलात पाऊल टाकतो तो सूर वाढतो, म्हणून गोंगाट न होता एकच शिट्टी ऐकू येते. एका फेरीत आवाज वाढण्याऐवजी घटायला लागला की शिट्टी मरते. एवढंच करायचं असतं. ते कुठे करायचं, हे मात्र शोधावं लागतं.

सीबी म्हणजे सिटिझन्स बँड. मोबाइलच्या काळात हे कशाला, असं पुण्याच्या मित्रांनी विचारलंच. अमेरिकेत १९५८ साली २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचे २३ चॅनेल सर्वसामान्यांना बोलण्यासाठी मिळाले. १९७३ चं तेलसंकट आलं, पाठोपाठ ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, आणि डिझेल कुठे मिळतंय, पोलीस कुठे दबा धरून बसलेत, हे एकमेकांना सांगायला ट्रकवाल्यांनी हा रेडिओ उचलून धरला. १९७७ मध्ये चॅनेल चाळीस झाले. १९८३ पासून परवानाही लागत नाही. ताकद मात्र बेताची : नेहमीच्या एएममध्ये चार वॉट. चॅनेल ९ अडीअडचणीसाठी, १९ ट्रकवाल्यांचा. मोबाइलवर बोलायला समोरच्याचा नंबर लागतो. इथे पुढच्या पाच-सात मैलांत जो कोणी असेल तो ऐकतो. इंटरस्टेट ८० वर बर्फात दहा ट्रक एकमेकांवर आदळलेले असताना मागून येणाऱ्याला हेच हवं असतं. वॉलकॉटला ‘आयोवा ८०’ नावाचा ट्रक स्टॉप आहे, जगातला सगळ्यात मोठा म्हणून पाटी मिरवणारा. तिथे उभ्या ट्रकांचे अँटेना पाहिले की हा रेडिओ संपला म्हणणाऱ्यांनी जरा दमाने घ्यावं असं वाटतं.

असो. शिट्टीकडे येऊ. खरं तर सीबीवर मांडवातली शिट्टी होण्याचं कारणच नाही. मांडवात माइक आणि कर्णा एकाच वेळी चालू असतात. सीबीवर एक तर बोलायचं नाही तर ऐकायचं. बटण दाबलं की स्पीकर गप्प झाला पाहिजे. मग माझा का बोंबलत होता?

उत्तर शेजारच्या म्हाताऱ्याने दिलं. तीस-एक वर्षं ट्रक चालवून निवृत्त झालेला माणूस. त्याने रेडिओकडे पाहिलंसुद्धा नाही. सीटच्या मागे वाकला, स्पीकरच्या दोन तारांपैकी काळी तार कुठे गेलीय ते बघितलं आणि म्हणाला, ‘‘ही इथे कुणी लावली?’’

मीच लावली होती. बॉडीला. लहानपणी घरच्या स्कूटरवर हात काळे केलेत, तेव्हापासूनची सवय. दिवा असो की हॉर्न, प्लसची तार ओढायची आणि मायनस बॉडी अर्थ करून टाकायची. एक तार वाचते. इथे सीटमागे स्क्रू समोरच दिसला, काळ्या तारेचं टोक त्याखाली दाबलं, खूश झालो.

जुन्या धाटणीच्या बऱ्याच सीबी संचांत स्पीकर गप्प करण्याचं काम माइकमधलाच स्विच करतो. स्पीकरची परतीची तार संचातून माइकच्या प्लगमध्ये जाते, माइकच्या बटणातून फिरते आणि मग अर्थला मिळते. बटण सुटं असताना वाट जोडलेली, म्हणून ऐकू येतं. दाबलं की वाट तुटते, स्पीकर मुका. (अशा संचाचा माइक काढून ठेवला तर काहीच ऐकू येत नाही. संच बिघडला म्हणून तो विकून टाकणारे लोक आहेत, माझ्यासारख्यांना तो स्वस्तात मिळतो.) मी काळी तार परस्पर बॉडीला लावून परतीची दुसरी वाट उघडून दिली होती. स्विच बिचारा आपली वाट तोडत होता, स्पीकर माझ्या वाटेने चालूच. त्यात, या संचांत ऐकण्याचा आवाज वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर बोलताना माइकचा आवाज वाढवायला जुंपलेला असतो, आणि त्यावर व्हॉल्यूमच्या बटणाचा हुकूम चालत नाही. म्हणून शून्यावर आणूनही शिट्टी तशीच.

काळी तार सोडवली, दोन्ही तारा स्पीकरपासून थेट साडेतीन मिलिमीटरच्या मोनो प्लगपर्यंत नेल्या. शिट्टी गेली. खर्च शून्य. तेव्हा नियम असा की स्पीकरची तार गाडीच्या पत्र्याला लावायची नाही. लोखंडी डबा असेल तर आतलं टर्मिनल डब्याला टेकलेलं नाही ना, हेही पाहायचं. काही नव्या संचांत स्पीकरच्या दोन्ही तारा जिवंत असतात, त्यातली एक पत्र्याला टेकली तर शिट्टीऐवजी धूर.

बाकीची कारणं झटपट सांगतो. संचात ‘टॉकबॅक’ असेल, म्हणजे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकवायची सोय, तर बाहेरचा मोठा स्पीकर लावताच ती अंगावर येते. तिचं छोटं बटण मागे फिरवायचं. ‘पीए’वर स्विच राहिला असेल तर बॉनेटखालचा कर्णा थेट माइकशी जोडला जातो आणि अक्षरशः मांडव उभा राहतो. एकाच गाडीत दोन संच असतील, मागच्या सीटवर पोराच्या हातात वॉकीटॉकीसारखा सीबी असेल, तर तुमचं बोलणं त्याच्या स्पीकरमधून पुन्हा तुमच्या माइकमध्ये येतं. आणि पॉवर माइक, ज्यात बॅटरीवर चालणारा अ‍ॅम्प्लिफायर असतो. त्याचं बटण शेवटपर्यंत पिळायची हौस ट्रकवाल्यांनाही आवरत नाही. मग तो माइक इंजिन ऐकतो, वायपर ऐकतो, स्पीकर चालू राहिला असेल तर तोही ऐकतो. बटण अर्ध्यावर आणा आणि माइक तोंडापासून दोन-तीन इंचांवर धरा.

याहून फसवी एक शिट्टी आहे, जी तुम्हाला ऐकूच येत नाही. समोरचा सांगतो, ‘‘तुझा आवाज किंचाळतोय, नीट कळत नाही.’’ इथे आवाज हवेतून फिरत नाही, रेडिओलहर फिरते. अँटेनाने सोडलेली लहर माइकच्या वायरवर चढते, संचात शिरते, पुन्हा अँटेनाकडे जाते. कारण बहुतेकदा अँटेनाची बिघडलेली जुळणी : वाढलेला एसडब्ल्यूआर (अँटेना किती लहर संचाकडे परत ढकलते त्याचं माप), गंजलेला माउंट, केबलचं तुटकं शील्ड. ओळखायची युक्ती सोपी. अँटेना काढून जागी पन्नास ओहमचा डमी लोड, म्हणजे लहर बाहेर न सोडता गिळून टाकणारा रोध, लावायचा आणि दुसऱ्या संचावर जवळून ऐकायचं. शिट्टी गेली तर दोष अँटेनाच्या बाजूला, राहिली तर माइकच्या किंवा संचाच्या. एसडब्ल्यूआर दीडच्या खाली आणा, माउंटखालचा रंग खरवडून पत्र्याला पक्का अर्थ द्या, माइकच्या वायरवर फेराइटचा मणी चढवा. वर गुपचूप जादा वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर लावला असेल, जो सीबीवर बेकायदा आहे, तर आधी तो काढा.

आता स्पीकर. मुळात बाहेरचा का लागतो? सीबीचा आतला स्पीकर बहुधा तळाला असतो. डॅशखाली लटकवला की तो तुमच्या बुटांना बातम्या सांगतो. ट्रकच्या घरघरीत त्यातलं निम्मं गालिच्यात मुरतं. बाहेरचा प्लग खोचला की आतला आपोआप बंद होतो.

दुकानात लोक आधी वॉट विचारतात. डब्यावर शंभर लिहिलेलं पाहून हरखतात. संच आठ ओहमवर देणार तीन-चार वॉट. शंभर ही स्पीकरची सोसण्याची ताकद, ओरडण्याची नव्हे. विचारायचा आकडा संवेदनशीलतेचा, डेसिबलमधला. तीन डेसिबल जास्त म्हणजे संचाची ताकद दुप्पट केल्यासारखं. ८६ डेसिबलच्या जागी ९२ चा घेतला तर चारपट, तेही फुकटात. ओहमही बघा. संचाला आठ हवे असताना कारस्टिरिओचा चार ओहमचा जोडला तर काही दिवस जोरात वाजेल, पण आतल्या आयसीला घाम फुटेल. आठ-आठचे दोन समांतर जोडले तरी चारच होतात, हे विसरायचं नाही.

आणि गाण्याचा स्पीकर इथे नकोच. सीबीवरून येणारं बोलणं साधारण ३०० ते ३००० हर्ट्झमध्ये संपतं. त्याखाली फक्त घरघर, वर फक्त चरचर. भारदस्त खर्ज देणारा महागडा स्पीकर घरघरीला भारदस्त करतो. चार-पाच इंची, कागदी पडद्याचा, थोडा नाकात बोलणारा स्पीकर शब्द जास्त स्पष्ट देतो. संगीतवाल्यांना तो भिकार वाटेल. खालचे-वरचे सूर कापणारा फिल्टर ज्यात असतो तो आणखी बरा. स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेला मोठ्या डिझेल ट्रकला ठीक आहे, माझ्या पिकअपला नाही.

जागा कानाच्या पातळीला, ड्रायव्हरच्या मागे किंवा डोक्यावर, तोंड कानाकडे आणि माइककडे पाठ. उघड्या मैदानात अंतर दुप्पट केलं तर आवाज सहा डेसिबल घटतो. केबिनमध्ये काचा आवाज परतवतात, तरी स्पीकर कानाजवळ आणला की व्हॉल्यूम निम्म्यावर भागतं. मी तो सीटमागून काढून डाव्या खांबावर, खाली रबराची पट्टी घालून लावला. परवा त्यातून पहिलं वाक्य आलं ते असं : डाव्या लेनमध्ये ॲल्युमिनियमची शिडी पडलीय, उजवीकडे राहा. अक्षर न् अक्षर कळलं.

एक बारीक कुंई अजून आहे. ॲक्सिलरेटर दाबला की चढते, सोडला की उतरते. ही ऑल्टरनेटरची, हिचं घराणंच वेगळं. रेडिओच्या वीजपुरवठ्याची वायर फ्यूजबॉक्समधून न घेता थेट बॅटरीपासून आणायची आहे. म्हातारा म्हणतो, तासाभराचं काम. बाहेर उणे अठरा आहे. आम्ही दोघंही मार्चची वाट बघतोय.