फडाचा कारभार कोणाचा?

वारसा म्हटले की धुळ्याचा माणूस लळिंगचा किल्ला दाखवतो आणि जळगावचा पाटणादेवीचे नाव घेतो. पांझरेवरचे जुने बंधारे या यादीत क्वचितच येतात. खरे तर वारशाच्या कारभारात लोकांचा सहभाग कसा असावा, याचे खानदेशातले सर्वांत जुने आणि चोख उदाहरण याच बंधाऱ्यांवर चालणारी फड पद्धत आहे.

फड म्हणजे काय

नदीत आडवा बंधारा, त्याच्या एका टोकाकडून निघणारा पाट आणि पाटातून फुटणाऱ्या चाऱ्या. पाणी उताराने वाहते; मोट लागत नाही, पंपही नाही. या पाण्याखाली भिजणारी सारी जमीन म्हणजे थळ, आणि थळाचे तीन-चार मोठे तुकडे म्हणजे फड. धुळे जिल्ह्यात पांझरेवर आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम या नद्यांवर ही पद्धत तीनशे-चारशे वर्षांपूर्वी रुजली.

नियम कोण ठरवी

यंदा कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक आणि कोणता फड पडीक, हे शेतकरी आपसांत बसून ठरवत. एका फडात एकच पीक, त्यामुळे पाण्याच्या पाळ्या सगळ्यांना सारख्या लागत आणि पीकही आपोआप आलटून-पालटून होई. सर्वसाधारणपणे प्रत्येकाची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असे. पाणी कमी पडले की एखादा फडच कोरडा ठेवायचा. म्हणजे तूट एकट्यादुकट्याच्या माथी न पडता सगळ्यांत वाटली जाई. मला या पद्धतीतली ही सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

देखरेखीला पंच. पाटाचे पाणी पाटकरी सांभाळी, राखण जागल्या करी आणि शेताला पाणी बारेकरी देई. शेतमालकाने आपल्या हाताने पाणी वळवून घ्यायचे नाही, म्हणजे चोरीचा प्रश्नच मिटे. या सेवकांचा मोबदला शेतकरीच देत आणि पाटातला गाळही मिळून काढत.

अर्थात हा सुवर्णकाळ नव्हता. थळात ज्याची जमीन त्याचाच शब्द. भूमिहीनाला त्यात जागा नव्हती, आणि शेतात राबूनही सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईलाही नव्हती.

जगाने काय ओळखले

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात शेतकऱ्यांनी निवडलेले पाण्याचे पंच दर गुरुवारी दुपारी कॅथेड्रलच्या दाराशी बसून तंटे तोंडी निकालात काढतात. मुर्सियाच्या अशाच पंचमंडळासह या न्यायालयाला युनेस्कोने 2009 साली मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. यादीत कालव्याचे बांधकाम गेले नाही, पंचांची रीत गेली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले तेही त्याच वर्षी. सामाईक साधने लोक स्वतः नियम करून टिकवू शकतात, हे त्यांनी ज्या उदाहरणांवरून मांडले त्यांत व्हॅलेन्सियाचे पाटही होते. पांझरेकाठच्या पंचांना यात नवे काही सापडले नसते.

घडी का विसकटली

विहिरी आणि पंप आले, तसे ज्याचे पाणी त्याचे पीक झाले. वरच्या अंगाला धरणे झाल्यावर नदीचा बारमाही प्रवाहही आटला. मग बैठकीला जाण्याचे कारणच उरेना.

2005 च्या कायद्याने महाराष्ट्रात सिंचनाचे व्यवस्थापन पाणी वापर संस्थांकडे देण्याची वाट केली. संस्थेला पाणी मोजून मिळते आणि कोणते पीक घ्यायचे ते शेतकऱ्याच्या मर्जीवर. दिशा चांगली, पण फडाचा प्राण नेमका सामाईक पीकनिर्णयात होता. तो भाग कायद्याच्या चौकटीत बसत नाही.

कागद सांभाळणारे गाव

लोकांनी चालवलेला वारसा धुळ्याला नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 च्या डिसेंबरअखेर धुळ्यातच वारले आणि 1927 मध्ये इथल्या मंडळींनी राजवाडे संशोधन मंडळ उभे केले. जुनी कागदपत्रे धुळ्यातच राहिली आणि तिथेच अभ्यासली गेली.

आता काय करता येईल

पहिले काम नोंदीचे. पाण्याच्या पाळ्या, दंडाचे प्रकार, पडीक फड ठरवण्याची रीत हे सारे बहुतेक तोंडी आहे आणि सांगणारे म्हातारे झाले आहेत. बंधाऱ्याची मोजमापे अभियंता कधीही घेईल; ही माहिती मात्र पाटकऱ्यांच्या घरीच मिळेल. गावातल्या शाळांनी हे काम अंगावर घ्यायला हरकत नाही.

दुसरे, दुरुस्तीचे. जुन्या बंधाऱ्यावर सिमेंटचा थर चढवून त्याची उंची वाढवली, तर वरच्या पाटाला पाणी वाढते आणि खालच्या बंधाऱ्याचे तेवढे घटते. म्हणून अंदाजपत्रक करण्याआधीच्या बैठकीला खालच्या गावाचे शेतकरी बोलावणे भाग आहे, आणि त्या बैठकीचे इतिवृत्त दोन्ही ग्रामपंचायतींच्या दप्तरात राहिले पाहिजे.