आधी ब्रेक, मग दिवे, शेवटी शोभा

रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावरील आपल्या मोहल्ल्यांतून फेरफटका मारला की कुठल्या ना कुठल्या अंगणात जुनी बोलेरो किंवा सुमो उभी दिसतेच. गल्फच्या कमाईतून घेतलेली ही गाडी. कमावणारा माणूस परदेशी आणि गाडी वर्षातले बरेच महिने ताडपत्रीखाली. तो सुट्टीवर येतो तेव्हा नवे सीट कव्हर, मोठा हॉर्न, पुढे लोखंडी गार्ड असा खर्च होतो. ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, हे मात्र घरात कोणालाच सांगता येत नाही.

टाटा सुमो १९९४ साली बाजारात आली आणि २०१९ मध्ये बंद झाली. बोलेरो २००० सालची. या गाड्यांच्या जुन्या डिझेल मॉडेलमध्ये इलेक्ट्रॉनिक भाग कमी, बॉनेटखाली हात घालायला जागा भरपूर आणि सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. म्हणून त्यांची बरीचशी देखभाल घरी करता येते. आमच्या घरची बोलेरोही याच वयाची. तिच्यावर काम करताना आम्ही एक क्रम पाळतो: आधी गाडी नीट थांबली पाहिजे, मग रस्ता नीट दिसला पाहिजे, मग ती न कुरकुरता चालली पाहिजे. शोभेचा विचार त्यानंतर, पैसे उरले तर.

थांबणारी गाडी

ब्रेकची पहिली तपासणी एक मिनिटाची आहे. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा. ते कडक होईल. मग पाय तसाच दाबून ठेवून गाडी चालू करा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर काम करतो आहे. नाही गेले तर गाडी मेकॅनिककडे न्या. यानंतर ब्रेक ऑइलची पातळी पाहा. ती डबीवरील दोन खुणांच्या मध्ये हवी. पातळी उतरत असेल तर लायनर झिजले आहेत किंवा कुठेतरी गळती आहे. नुसते ऑइल ओतून समाधान मानू नये. हे ऑइल हवेतला ओलावा शोषते, त्यामुळे दर दोन वर्षांनी बदलावे. झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ जे लिहिले असेल तेच वापरावे. इंजिन ऑइलचा एक थेंबही त्यात जाता कामा नये, कारण त्याने आतले रबर फुगते आणि ब्रेक निकामी होतात.

कुंभार्ली किंवा आंबा घाट उतरताना डिझेल वाचवण्यासाठी काही जण गाडी न्यूट्रलमध्ये सोडतात. इंजिन बंद असेल तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही आणि दोन-तीन वेळा दाबल्यावर पेडल दगडासारखे होते. घाट ज्या गिअरने चढतो, साधारण त्याच गिअरने उतरावा.

टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. ३५१८ म्हणजे २०१८ सालचा पस्तिसावा आठवडा. उभ्या गाडीच्या टायरची नक्षी नवी दिसते, पण रबर वयाने कडक होते. बाजूला बारीक चिरा दिसल्या की टायर बदलावा. स्टेपनीचेही वय पाहावे.

दिसणारा रस्ता

जुन्या गाडीचे हेडलाइट मंद झाले की लोक जास्त वॅटचे बल्ब बसवतात. त्याने होल्डर तापून वितळतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. खरा दोष बहुधा वायरिंगमध्ये असतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ व्होल्ट मिळतात, पण जुन्या बारीक वायरी आणि झिजलेला स्विच यांतून जाता जाता बल्बपर्यंत दोन-अडीच व्होल्ट कमी पोहोचतात. साध्या मल्टिमीटरने हे घरबसल्या मोजता येते. उपाय म्हणजे दोन रिले, जाड वायर आणि बॅटरीजवळ फ्यूज. पूर्वीचाच ६०/५५ वॅटचा बल्ब मग लखलखीत पेटतो. वायरिंगला हात लावण्यापूर्वी बॅटरीची काळी, म्हणजे ऋण, तार आधी काढावी आणि काम संपल्यावर शेवटी जोडावी.

पैसे उरले तर मागे पाहणारा कॅमेरा बसवावा. अंगणात मुले खेळत असतात आणि उंच गाडीच्या मागे उभे असलेले चार वर्षांचे मूल आरशात दिसत नाही.

उभी राहून बिघडणारी गाडी

चालवून जेवढी गाडी झिजते, तेवढीच ती उभी राहून खराब होते. नुसते सेल्फ मारून पाच मिनिटांनी बंद केल्याने बॅटरी आणखी उतरते. आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवावी. ते जमत नसेल तर बॅटरीची तार काढून ठेवावी. महिनोन्‌महिने उभी करायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवून चाकांना लाकडी ठोकळे लावावेत.

खाऱ्या वाऱ्याने पत्रा खालून सडतो. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी जाण्यासाठी भोके असतात. ती मातीने बुजली की दरवाजा आतून गंजतो. काडीने ती मोकळी करावीत, चॅसिस आणि कमानपाटे गोड्या पाण्याने धुवावेत, आणि पावसाळ्यापूर्वी खालून गंजरोधक लेप द्यावा. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेले पाणी काढावे. गाडी धक्के खाऊन बंद पडली तर फिल्टरवरील हातपंप दाबून हवा काढण्याची रीत घरातल्या दोघांना तरी ठाऊक हवी.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मुलीला मध्यरात्री बाळंतपणासाठी तालुक्याला न्यायचे होते. १०८ ची रुग्णवाहिका दुसऱ्या फेरीवर होती. घरात पुरुष कोणी नव्हते, पण भाभीकडे लायसन्स होते आणि गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली. दर आठवड्याच्या त्या अर्ध्या तासाचे मोल त्या रात्री मोहल्ल्याला कळले.

हात कुठे आवरावा

ब्रेकचे पाइप, स्टिअरिंगचे सांधे आणि कमानपाटे खोलण्याचे काम जाणकारावर सोपवावे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. खाली लोखंडी घोडी हवी आणि जवळ दुसरा माणूस हवा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. कूलंट चवीला गोड पण विषारी असतो. मुले, शेळ्या आणि मांजरे यांच्यापासून तो दूर ठेवावा. जुने ऑइल विहिरीजवळ किंवा वहाळात ओतू नये. डब्यात भरून गॅरेजला द्यावे.

पुढच्या लोखंडी गार्डबद्दलही बोलले पाहिजे. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने अशा गार्डवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले. धडक झाली की या गार्डमुळे पायी चालणाऱ्याला जास्त इजा होते, आणि धक्का सरळ चॅसिसला बसून आतल्यांपर्यंत पोहोचतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. त्याच पैशात जुने सीट बेल्ट बदलून होतात. मागच्या आडव्या सीटवर आपण मुलांनाच बसवतो, म्हणून लग्नाला जाताना दाटीवाटी करण्याऐवजी दोन फेऱ्या कराव्यात. दिखाव्याचा खर्च हा इसराफ आहे, आणि गाडीत बसलेली माणसे ही अमानत आहे.

घरातल्या मुला-मुलींनी ही कामे शिकावीत. चाक बदलणे, ऑइल पाहणे, फ्यूज ओळखणे यात अवघड काही नाही. ज्याला गोडी लागेल त्याच्यासाठी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे. त्यातून हलाल रोजी मिळते आणि गावाचीही सोय होते.

गाडीसाठी एक वही ठेवावी. तारीख, किलोमीटर, काय बदलले आणि काय बाकी आहे, हे तिच्यात लिहावे. परदेशी असलेल्या भावाला पानाचा फोटो पाठवला की पैसे कुठे गेले हे त्यालाही कळते. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते, तेव्हाही ही वही कामी येते. आणि एक दिवस गाडी विकायची वेळ येईल. प्रेषित (स.) बाजारातून जाताना धान्याच्या ढिगात हात घालतात, आत ओल लागते, आणि भिजलेले धान्य वर ठेवायला सांगतात, ही हदीस आपण लहानपणापासून ऐकली आहे. गाडी विकताना ती वही गिऱ्हाइकाच्या हातात द्यावी. त्याचीही मुले त्याच सीटवर बसणार आहेत.