डॉ. जॉन विल्सन आणि त्यांचे विद्यालय

पोखर्णीसारख्या नृसिंहाच्या गावी एका ख्रिस्ती पाद्र्याचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. आम्ही विद्यार्थी म्हणून कॉलेजची पायरी कधी चढलो नाही. आमचे शिक्षण कामगारांच्या सभांत झाले. म्हणूनच संस्था कोण उभारतो आणि तत्त्वासाठी काय सोडतो, हे पाहण्याची आम्हांस खोड आहे.

जॉन विल्सन यांचा जन्म १८०४ साली स्कॉटलंडातील लॉडर गावी झाला. १८२९ मध्ये ते पत्नी मार्गारेट यांच्यासह मुंबईस आले. हर्णै-बाणकोटाकडे राहून ते मराठी शिकले. मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ मध्ये त्या वारल्या. १८३२ मध्ये विल्सन यांनी काढलेल्या शाळेतून पुढे विल्सन कॉलेज उभे राहिले.

वादाला ते भ्याले नाहीत. १८३१ मध्ये मोरभट्ट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद झाला आणि दोन्ही पक्षांनी पुस्तके लिहिली. इथवर लढाई बरोबरीची होती.

पुढे मात्र ती घराघरांत शिरली. १८३९ मध्ये धनजीभाई नवरोजी या पारशी विद्यार्थ्याने बाप्तिस्मा घेतला. प्रकरण न्यायालयात गेले आणि अनेक पालकांनी मुले शाळेतून काढली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. हेच नारायणराव पुढे आपल्या मराठवाड्यात, जालन्याजवळच्या बेथेल येथे काम करीत राहिले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अजाण होता, म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. परंतु जात त्याला परत घेईना. त्याच्या शुद्धीसाठी बाळशास्त्री जांभेकर झटले, तेव्हा त्यांनाही स्वकीयांचा रोष पत्करावा लागला.

विल्सन त्या वेळी परदेशी होते. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. गावाचा उपदेशक जमीनदाराने नेमावा की मंडळीने पसंत करावा, हा तंटा होता. साडेचारशेंहून अधिक उपदेशकांनी पगारावर आणि राहत्या घरावर पाणी सोडले. आम्हां संघटनावाल्यांना त्यात संपाचीच शिस्त दिसते. विल्सनही त्यांच्यात गेले. मुंबईतील इमारत जुन्या चर्चकडे राहिली आणि विद्यालय दुसऱ्या जागी चालवावे लागले. तरी ते टिकले, कारण विद्यालय म्हणजे भिंती नव्हेत. शिकविणारे आणि शिकणारे बरोबर आले की विद्यालय आलेच.

१८६८ मध्ये विल्सन मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १८७५ मध्ये मुंबईतच त्यांचा देह पडला. चौपाटीवरील कॉलेजची इमारत उघडली ती १८८९ मध्ये.

या माणसाचा हिशेब कसा मांडावा? आपली श्रद्धा कोणा धन्याने ठरवू नये, यासाठी घरदार सोडणाऱ्यांत ते होते. ही त्यांची जमेची बाजू. परंतु तेच स्वातंत्र्य अजाण पोराच्या हाती कधी द्यावे, याचे उत्तर त्यांच्या संस्थेने आईबापांना विचारून दिले नाही. ज्यांनी विश्वासाने मूल शाळेत धाडले, त्यांनाही संस्था उत्तर देणे लागते. शाळा कोणत्याही धर्माची असो वा पक्षाची, हे देणे फिटत नाही.