अंकाई-टंकाई : सपाट माथ्यांची जोडी

मनमाडहून येवल्याच्या वाटेला लागलं की दहाएक किलोमीटरवर दोन किल्ले खांद्याला खांदा लावून उभे दिसतात. अंकाई उंच, सुमारे साडेनऊशे मीटर, आणि टंकाई जरा बुटका. दोघांचेही माथे सपाट, कडे सरळ तुटलेले, मध्ये एक खिंड. जवळच हडबीची शेंडी नावाचा सुळका आहे. प्रवासी त्याला ‘थम्स अप’ म्हणतात, पण आपलं नाव जास्त खरं वाटतं.

ही सगळी करामत आडव्या थरांची. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे भेगांमधून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुढचा लोट आला. असे कितीतरी लोट एकावर एक साचले आणि बहुतेक आडवेच राहिले. पण सगळे एका जातीचे नाहीत. विहीर खणणाऱ्याला विचारा. काळा पाषाण लागला तर सुरुंगाशिवाय हलत नाही, मांजऱ्या हा मऊ खडक लागला की पहार चालते. अधूनमधून तांबड्या मातीसारखा पातळ पट्टाही निघतो.

काळ्या पाषाणाला उभ्या भेगा असतात. पावसाचं पाणी त्यांतून खाली मुरतं, मांजऱ्यावर किंवा तांबड्या पट्ट्यावर अडतं आणि बाजूने पाझरतं. तो मऊ थर झिजून आत सरकतो, वरच्या पाषाणाचा आधार जातो आणि उभ्या भेगेवर अख्खी शिळा निखळते. म्हणून कडा कितीही मागे हटला तरी उभाच राहतो. माथा उंचीने फारसा उतरत नाही, बाजूंनी मात्र कुरतडला जातो. विस्तीर्ण पठाराचा असा एकटा डोंगर होतो, डोंगराचा सुळका, आणि शेवटी सुळकाही कोसळतो. या वाटचालीचे दोन टप्पे इथे एका नजरेत मावतात. खिंडीत उभं राहून दोन्हीकडचे कडे पाहिले की जुळणारे पट्टे ओळखू येतात. मधला भाग गेला, एवढंच.

किल्ला बांधणाऱ्यांना हे पक्कं उमगलं होतं. निसर्गाने तासलेला कडा असताना तट कशाला? त्यांनी बळ खर्चलं ते खिंडीत आणि वाटांवर, एकापुढे एक दरवाजे घालून. त्याआधी जैन शिल्पकारांनी टंकाईच्या पोटात लेणी खोदली होती, त्यांतली काही दुमजली. अंकाईच्या माथ्यावर तळं आहे, अगस्ती ऋषींचं स्थान आहे. आडव्या कातळाच्या खोलगटात पाणी साठतं. वर वस्ती टिकली ती त्याच्या जोरावर.

राजकीय इतिहास त्यामानाने थोडक्यात सांगता येतो. १६३५ मध्ये शाहजहानच्या सैन्याने ही जोडी घेतली आणि १८१८ मध्ये ती लढाईविनाच इंग्रजांच्या हाती गेली. एवढ्या अवघड कड्यांचा त्या दिवशी काही उपयोग झाला नाही.

थर पाहायचे तर पावसाळ्यात जाऊ नका, हिरवळीखाली अर्धे पट्टे झाकलेले असतात. गवत वाळल्यावर, डिसेंबरनंतर, सकाळी किंवा उतरत्या उन्हात जा. तिरप्या प्रकाशात कड्याखाली सावली पडते, उतार उजळतो आणि प्रत्येक लोट वेगळा मोजता येतो. कड्याच्या अगदी बुडाशी मात्र रेंगाळू नका. पायथ्याला पडलेल्या चौकोनी शिळा वरूनच आलेल्या आहेत.