भूमिपरीक्षा : वाळा कोणत्या मातीतला?

जनपदोध्वंसाची जी चार कारणे चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितली, त्यांत वायू, उदक व काल यांच्या पंक्तीस देशही आहे. पहिल्या दोहोंच्या दुष्टीवर आपल्या परिषदांतून पुष्कळ बोलले जाते. दूषित भूमीकडे मात्र वैद्यवर्गाचे लक्ष क्वचितच जाते. सुश्रुतांनी द्रव्यसंग्रहासाठी खारट, वारुळाची व स्मशानाची भूमी वर्ज्य मानली, एवढेच नव्हे तर कल्पस्थानात विषदूषित भूमीवर विडंग, पाठा, कटभी यांचे जल शिंपण्याचा उपायही दिला.

मालवण किनाऱ्यावरील सर्वपरिचित भूमिदोष म्हणजे खार. बांधाला भगदाड पडले की भरतीचे पाणी खाडीकाठच्या मळ्यांत शिरते. हा दोष साध्य होय. बांध व उघाड सुस्थितीत ठेवून पावसाचे गोडे पाणी शेतात कोंडावे आणि ओहोटीला सोडावे. क्षार हळूहळू उतरतो. तोवर पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या क्षारसहिष्णु भातजाती आहेतच. ताग, गिरिपुष्प यांचे हिरवळीचे खत जोडीला दिल्यास मातीचा पोत सुधारतो.

खाणीच्या मातीची गोष्ट निराळी. दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे २९ जुलै २०२१ रोजी खाणीचा बांध फुटून लाल गाळ शेतीबागायतीत पसरला. लोह हे काही विष नव्हे; पण असा बारीक गाळ मातीची रंध्रे बुजवितो, मुळांचा श्वास कोंडतो. तो खरवडून काढून शेणखत व पालापाचोळा घालण्यावाचून गत्यंतर नाही. शिसे, कॅडमियम यांसारखे धातू मातीत शिरले तर मात्र पाऊस त्यांना क्षारासारखा धुऊन नेत नाही. आपल्या जांभ्या जमिनी आम्ल. आम्लतेत हे धातू वनस्पतीस अधिक लाभतात. चुना घातल्याने ते बद्ध होतात, नाहीसे होत नाहीत. आर्सेनिकला तर हा उपायही लागू नाही. चुन्याने ते उलट मोकळे होऊ शकते.

आता मुख्य मुद्दा. खाणीचे ढिगारे व उघडे उतार बांधण्यासाठी जगभर वाळा लावतात. त्याची मुळे खोल जातात आणि शोषलेले धातू बहुतांशी मुळांतच राहतात. भूमिशोधनास हा मोठाच गुण. परंतु उशीरासवात आपण घालतो ते मूळच! शोधनासाठी लावलेला वाळा कोणीतरी उपटून बाजारात आणला, तर भूमीचे विष रुग्णाच्या पेल्यात उतरेल.

बोस्टन परिसरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये जड धातू आढळल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले आणि जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनौषधींना धातुपरीक्षण सक्तीचे झाले. मर्यादा ठाऊक असाव्यात : शिसे १०, आर्सेनिक ३, पारा १ व कॅडमियम ०.३ पीपीएम. तथापि गावच्या बाजारातून घेतलेल्या माका-पुनर्नव्याची जन्मभूमी विचारतो कोण? व्यापारी 'जंगलचा माल' म्हणतो, आपण पोते उतरवून घेतो.

औषधालयचालकांनी प्रत्येक पोत्यावर गाव, जागा व खुडल्याचा महिना नोंदवावा. खाण, कचराभूमी, हमरस्त्याची कड किंवा होड्या खरवडून रंगविण्याची जागा असल्यास माल परत करावा. मुळे वाहत्या पाण्यात धुऊन आम्लात न विरघळणाऱ्या राखेचे प्रमाण पाहावे. ते वाढलेले असल्यास माती चिकटून आली आहे असे समजावे. ही तपासणी अल्प खर्चाची आहे. ती शोषलेला धातू दाखवीत नाही. संशयित भूमीतल्या वाळ्याचा नमुना प्रयोगशाळेतच धाडावा लागेल, आणि अहवाल येईपर्यंत पोते बाजूला.